रात्री दोनची धास्ती

मराठी साहित्य शिकणाऱ्याला दारू पिणारे दोनच प्रकारचे भेटतात. एक सुधाकर, दुसरा तळीराम. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ साली. शंभर वर्षं उलटून गेली तरी आपण अजून त्याच दोन चष्म्यांतून बघतो. पहिला हुशार आणि मानी, एका पेल्यानं घसरलेला, बायकोमुलाची वाताहत करणारा. दुसरा आर्य मदिरा मंडळ चालवणारा, निर्लज्ज आणि गमतीदार. पहिल्याबद्दल हळहळायचं, दुसऱ्यावर हसायचं. आमच्या वर्गात या नाटकावर चर्चा झाली तेव्हा सगळी चर्चा ‘इच्छाशक्ती’ या एका शब्दाभोवती फिरली. मला मात्र राहून राहून तिसराच माणूस आठवत होता, जो या नाटकात नाही आणि आपल्या चर्चेतही कधी येत नाही. तो म्हणजे घाबरलेला माणूस.

हा माणूस रात्री दोन वाजता उठून बसतो. छाती धडधडते, घाम सुटलेला असतो, हातपाय गार पडतात. ‘अटॅक आला’ असं म्हणतो. घरातले धावपळ करतात, कुणीतरी १०८ ला फोन करतं किंवा शेजारची गाडी काढतात. कॅज्युअल्टीत ईसीजी निघतो, तो ठीक येतो, आणि पहाटे सगळे घरी. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग महिन्यातून तीनदा. हळूहळू रात्रपाळीचा सगळा स्टाफ त्याला ओळखायला लागतो. आणि एकदा ओळख झाली की त्याच्याकडे बघायचं बंद होतं.

माझं म्हणणं साधं आहे. दारू पिणारा माणूस अशी धास्ती घेऊन वारंवार कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा तो कुणाचा वेळ खायला आलेला नसतो. त्याची ती धास्ती हा त्याच्या आजाराचाच भाग असतो, आणि बऱ्याचदा मदत मागायची त्याला जमणारी तेवढी एकच रीत असते. ‘ईसीजी ठीक आहे, घरी जा’ हे वाक्य खरं असूनही अपुरं आहे. कधी कधी ते धोक्याचं ठरतं.

आधी शरीराचं बघू, कारण ‘मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणारे तिथंच चुकतात. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू या मंदपणाशी जुळवून घेतो, म्हणजे दारूच्या विरुद्ध जोर लावून स्वतःला जागं ठेवायला शिकतो. मग दारू उतरली की तो विरुद्ध लावलेला जोर तसाच राहतो. नाडी वाढते, बीपी वाढतं, हात कापतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते, आणि काहीतरी भयंकर होणार आहे असं वाटत राहतं. हेच विथड्रॉवल. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा-आठ तासांत ते सुरू होऊ शकतं. म्हणजे रात्री आठला तवेर्नातून उठलेल्या माणसाला दोन-तीन वाजता जाग येते, ती काही योगायोगानं नाही.

शिवाय दारूमुळे हृदयाचे ठोके खरोखरच बिघडू शकतात. सुट्टीच्या दिवशी भरपूर प्यालेल्या, एरवी धडधाकट माणसांत हे दिसतं म्हणून १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं. जठराला सूज येते, आम्लपित्त वर येतं, स्वादुपिंडाला सूज आली तर पोटातून पाठीपर्यंत कळ जाते. तेव्हा छातीत जळजळतंय म्हणणारा माणूस नाटक करत नसतो. त्यानं दुखण्याला दिलेलं नाव चुकलेलं असेल, दुखणं खरं असतं.

आता धास्तीचं. या माणसाला आतून ठाऊक असतं की आपण शरीराची वाट लावतो आहोत. लिव्हर हा शब्द त्याच्या डोक्यात कायम असतो. कुणी ओळखीचा गेला, की मयताच्या घरून परतताना तो स्वतःचं पोट दाबून बघतो. पण डॉक्टरकडे दिवसा जायला धजत नाही, कारण दिवसा प्रश्न विचारतात. रात्री जातो, कारण रात्री फक्त मशीन लावतात. ईसीजीचा कागद सरळ आला की त्याला मोकळं वाटतं, चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी शंका सुरू: मशीन बिघडलं असेल तर? कागद नीट बघितला असेल का?

मला यातलं सर्वांत विचित्र वाटतं ते हे, की दारूचं चक्र आणि ईसीजीचं चक्र दिसायला एकसारखं आहे. भीती वाटली, पेग घेतला, पंधरा मिनिटांत बरं वाटलं, उतरल्यावर भीती दुप्पट. भीती वाटली, तपासणी केली, बरं वाटलं, आणि काही दिवसांनी भीती परत. म्हणून अशा माणसाला आणखी तपासण्या करा असं मी म्हणत नाही. दर वेळी नवी तपासणी म्हणजे दर वेळी नवा पेग. आणि ‘घाबरतोय ना, झोपेची गोळी द्या’ हा उपायही सांभाळून करायचा आहे. विथड्रॉवलमध्ये जी औषधं डॉक्टर देखरेखीखाली देतात, त्याच जातीच्या गोळ्या कुणी खिशात घालून दिल्या तर त्यांचंही व्यसन लागतं, आणि त्या दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावू शकतो.

आता मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. आमच्या वाड्यावर एक अंकल आहेत, जुने तारवटी. पंचवीस वर्षं जहाजावर काढली, मग घरी बसले आणि पिणं वाढलं. गावात त्यांना ‘बेबदो’ म्हणतात. (मराठीतल्या बेवड्यापेक्षा या कोकणी शब्दात किंचित माया आहे असं मला उगाच वाटतं.) त्यांचा मुलगाही जहाजावर, म्हणून रात्री-अपरात्री आंटी आमच्या दारावर थाप मारते आणि गाडी मी काढते. गेल्या वर्षी असं चार-पाच वेळा झालं. दर वेळी धडधड, दर वेळी ईसीजी ठीक. शेवटी शेवटी गेटवरचा वॉचमनसुद्धा हसायचा.

मग कार्निव्हल आला. कार्निव्हलच्या मंगळवारी रात्री अकरापर्यंत अंकल प्याले आणि राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून घरी आले ते शपथ घेऊनच. चाळीस दिवस थेंब नाही. आमच्या घरात या काळाला करेज्म म्हणतात, मराठी प्रार्थनापुस्तकात उपवासकाळ. या काळात दारू सोडणारे पुष्कळ असतात आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. आंटीनं तर आनंदानं देवापुढे मेणबत्ती लावली. संध्याकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप कापायला लागला. रात्री घाम, ओकाऱ्या, धडधड. अकराच्या सुमारास आम्ही पुन्हा कॅज्युअल्टीत.

कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे कुठंही घडू शकलं असतं. ड्युटीवरचा डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं ओळखलं. “परत आलात?” ईसीजी ठीक. बीपी जरा जास्त, पण ते ‘घाबरल्यामुळे’. आंटी म्हणाली, “डॉक्टर, आज त्यांनी अजिबात घेतलेली नाही.” डॉक्टर म्हणाला, “मग तर छानच. घरी जा, शांत झोपा.”

गुरुवारी पहाटे पाच वाजता अंकलना फिट आली. पलंगावरून पडले, जीभ चावली गेली, भुवईपाशी खोक पडली. शेवटच्या पेगनंतर तीस तासांनी. दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं, तिथल्या नर्सनं दारातच विचारलं, “रोज घेतात? शेवटची कधी घेतली?” तेवढ्या दोन प्रश्नांनी सगळा उलगडा झाला. नंतरचे दोन दिवस ते कुणाला ओळखत नव्हते, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणत होते. वाचले. पण न वाचते तरी पुस्तकाबाहेरचं काही घडलं नसतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवलं तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा भ्रम होऊ शकतो, ज्यात उपचार नसतील तर माणूस दगावतो. हे वैद्यकशास्त्रात जुनं आहे.

त्या डॉक्टरवर मला राग काढायचा नाही. त्याच वेळी पलीकडच्या खाटेवर स्कूटरवरून पडलेला मुलगा होता, आणि डॉक्टर एकटा. पण त्याच्या मनात काय झालं ते मला समजून घ्यायचं आहे, कारण तेच आपल्या सगळ्यांच्या मनात होतं. या आधीच्या चार रात्रींनी त्याचा पाचव्या रात्रीचा निकाल आधीच लिहून ठेवला होता. आणि ज्या एका गोष्टीनं त्याला सावध व्हायला हवं होतं (आज घेतलेली नाही), तीच ऐकून तो निर्धास्त झाला. आपण दारूला पाप मानतो म्हणून दारू न पिणं आपोआप तब्येतीचं लक्षण वाटतं. पाप आणि पुण्याच्या हिशेबात हे बरोबर बसतं. शरीराचा हिशेब वेगळा आहे.

इथं सगळ्यांना ‘लांडगा आला रे आला’ आठवणार. आंटीच्या बहिणीनं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ती गोष्ट ऐकवलीसुद्धा. पण ही गोष्ट इथं लागू होत नाही. गोष्टीतला मुलगा लांडगा नसताना गंमत म्हणून ओरडतो. अंकलना प्रत्येक वेळी लांडगा दिसत होता. तो हृदयातला नव्हता, दुसरीकडचा होता, पण होता. आणि एक आहे, ती गोष्ट आपण नेहमी गावकऱ्यांच्या बाजूनं सांगतो.

याच्या उलट बोलणाऱ्यांचं म्हणणंही मला नीट मांडायचं आहे, कारण माझी एक मैत्रीण नर्सिंगला आहे आणि तिनं माझ्याशी यावर तासभर वाद घातला. ती म्हणते, कॅज्युअल्टीत खाटा मोजक्या, माणसं मोजकी. पिऊन आलेला माणूस ओरडतो, शिव्या देतो, कधी अंगावर येतो. एक १०८ ची गाडी खोट्या अटॅकसाठी अडकली तर खऱ्या अटॅकला ती मिळत नाही. व्यसनी माणसं इमर्जन्सीत इतरांपेक्षा जास्त वेळा येतात हे कितीतरी देशांत दिसलेलं आहे, मग सगळ्यांचा वेळ त्यांनाच द्यायचा का?

प्रश्न रास्त आहे. पण तिच्याच म्हणण्यातून माझं उत्तर निघतं. जो माणूस वर्षात पाच वेळा येतो त्याला पाच वेळा ईसीजी करून परत पाठवणं, हीच सगळ्यात महाग सोय आहे. पाचही वेळा खाट लागली, डॉक्टर लागला, गाडी लागली, आणि सहाव्या वेळेची तयारी आपणच करून दिली. त्याऐवजी दुसऱ्याच वेळी दोन प्रश्न विचारले, एक चिठ्ठी लिहिली आणि सकाळी दहाला कुठं, कुणाकडे जायचं ते सांगितलं, तर खाट वाचते. शेवटची कधी घेतली आणि रोज किती, हे विचारायला एक मिनिट पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, ऑडिट नावाची. तिलाही फार तर पाच मिनिटं लागतात, आणि ती डॉक्टरनंच घ्यायला हवी असं काही नाही.

आणि गोव्यानं तर हे करून बघितलेलं आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? संगाथ या इथल्याच संस्थेच्या लोकांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दारूचा त्रास होऊ लागलेल्या जवळपास पावणेचारशे पुरुषांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर समुपदेशन. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते की मानसशास्त्रज्ञ नव्हते. खास शिकवून तयार केलेली साधी माणसं होती, आणि भेटी जास्तीत जास्त चार. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या रेषेखाली आले होते, दुसऱ्या गटातले २६ टक्के. फरक डोळे दिपवणारा नाही, पण चार भेटींच्या मानानं मला तो मोठा वाटतो. अर्थात हा अभ्यास मधल्या पायरीवरच्या लोकांचा होता. अंकलसारखे, ज्यांचं शरीरच दारूवर उभं आहे, त्यांना आधी डॉक्टरच्या देखरेखीखाली औषधं देऊन सोडवावं लागतं, बोलणं त्यानंतर.

त्यासाठीही जागा आहेत. बांबोळीला आयपीएचबीमध्ये व्यसनमुक्तीचे उपचार होतात. एए च्या बैठका कितीतरी चर्चच्या हॉलमध्ये भरतात. फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याला सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं काम गोव्यातही आहे, आणि पुण्याचं मुक्तांगण तर मराठी वाचकाला सांगायला नको. अडचण अशी की रात्री दोनची कॅज्युअल्टी आणि सकाळी दहाची ही दारं, यांच्यामध्ये रस्ता नाही. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेली २०१९ ची पाहणी सांगते की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळतात. दारू पिणाऱ्यांचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या राज्यांच्या यादीत त्याच पाहणीत गोवा आहे, २८ टक्क्यांवर. बाकीचे सदतीस कुठं असतात? त्यातले काही नक्कीच रात्री ईसीजीच्या खाटेवर शर्टाची बटणं काढून पडलेले असतात. म्हणजे ज्यांना शोधायला आपण पाहणी करतो, ते स्वतःहून दारात आलेले असतात, आणि आपण त्यांना झोपायला घरी पाठवतो.

मैत्रिणीला मी कायद्याचंही सांगितलं, तेव्हा ती जरा गप्प झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही घेतल्या आहेत. आणि त्याच कायद्याचं कलम २१ म्हणतं की मानसिक आजार असलेल्याला शारीरिक आजाराच्या रुग्णासारखीच वागणूक मिळाली पाहिजे, इमर्जन्सीत आणि ॲम्ब्युलन्समध्येही. तेव्हा ‘परत आलात?’ हा प्रश्न चौथ्यांदा आलेल्या दम्याच्या रुग्णाला आपण ज्या स्वरात विचारू, त्याच स्वरात विचारायचा. दम्याच्या रुग्णाला आपण विचारतो तेव्हा त्यात काळजी असते.

माझ्या धर्मातल्या लोकांशीही मला थोडं बोलायचं आहे. लूकच्या शुभवर्तमानातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सगळे जाणतो. वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तो तेल आणि द्राक्षारस ओततो (औषध म्हणून दारू, हेही बघा). प्रवचनात आपण नेहमी इथंच थांबतो. पण गोष्ट पुढं जाते. तो त्याला उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन नाणी ठेवतो आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन असं सांगतो. म्हणजे दुसऱ्या दिवसाची सोय. रात्रीची मदत आपल्याला जमते. गाडी काढायला मीही जाते, आणि त्यात थोडी मजाही वाटते, खोटं का बोला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंकलबरोबर ओपीडीच्या रांगेत दोन तास उभं राहणं मात्र कुणालाच नको असतं. त्या रांगेत शौर्य नाही.

अंकलबरोबर आता त्या रांगेत आंटी जाते, कधी मी जाते. मे महिन्यात एका लग्नात ते पुन्हा प्याले. जूनमध्ये पुन्हा सुरुवात, या वेळी गोळ्या घेऊन, डॉक्टरला सांगून. धडधड अजून होते. पण आता त्यांना एका कागदावर लिहून दिलंय की धडधड झाली तर आधी काय बघायचं, किती वेळ थांबायचं, आणि छातीतली कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, श्वास लागला, फिट आली, असंबद्ध बोलायला लागले तर मात्र एक मिनिटही न थांबता निघायचं. तो कागद फ्रीजवर चिकटवलेला आहे. गेल्या दोन महिन्यांत दारावर थाप एकदाच पडली.

पुढचा कार्निव्हल यायच्या आत मला एक गोष्ट करायची आहे. राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी आमच्या चॅपलच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागावा: रोज पिणाऱ्यांनी उपवासकाळात दारू जरूर सोडावी, पण आधी डॉक्टरला विचारून. खाली दोन नंबर, टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४४४६. मी फादरना विचारलं. ते जरा वेळ विचार करून हो म्हणाले. फक्त कोकणीत लिही म्हणाले, आणि अक्षर मोठं काढ, कारण ज्यांनी वाचायला हवं ते मागच्या बाकावर बसतात.